गोल्डफिशचं घर, विदर्भाच्या उन्हात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी, ओसरीला लागून अर्ध्या जमिनीत पुरलेल्या सिमेंटच्या टाक्यात माझे चार गोल्डफिश राहतात. त्यातला सगळ्यात थोरला अकरा वर्षांचा आहे. दळण घेऊन जाणारी बाई असो की मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस, टाक्यापाशी थांबतोच आणि काहीतरी विचारतो. तेच तेच प्रश्न फोनवरही येतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं.

माशांविषयी जी माहिती सहज सापडते, तिच्यात पंख्याखालची गार खोली, नळाचं पाणी आणि चोवीस तास वीज धरूनच चाललेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पाणी विहिरीचं नाहीतर बोअरचं, आणि लाईन कधी जाईल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून इथे मासा कोणता घ्यावा याच्याआधी तो राहणार कुठे, हे ठरवावं लागतं.

ताई, पोरानं जत्रेतून दोन गोल्डफिश आणले. सोबत काचेचं गोल भांडं भेटलं. त्यात राहतील का?

दोन-तीन दिवस राहतील, पण ते घर नव्हे. गोल्डफिश हा रोहू-कतल्याच्याच कुळातला मासा आहे. रोहूला तांब्यात ठेवायचं कोणाच्या मनात येणार नाही, पण गोल्डफिश बोटभर दिसतो म्हणून आपण त्याला ठेवतो. साध्या जातीचा, एकेरी शेपटीचा गोल्डफिश पूर्ण वाढला की २५ ते ३० सेंटीमीटर होतो. फुगीर पोटाचे आणि दुहेरी शेपटीचे मासे १५ ते २० सेंटीमीटरपर्यंत जातात. नीट सांभाळला तर तो दहा-पंधरा वर्षं जगतो. भांड्यात तो ‘लहानच राहतो’ असं लोक सांगतात. खरं असं, की घाण पाण्यात त्याची वाढ खुंटते आणि तो बहुधा वर्षाच्या आत मरतो.

गोल भांड्यात पाणी मावतं जेमतेम चार-पाच लिटर. तोंड निमुळतं असल्यामुळे हवा लागणारा पृष्ठभाग थाळीएवढाही नसतो. शिवाय गोल्डफिशला आपल्यासारखी जठराची पिशवी नसते. खाल्लेलं आतड्यातून सरकत राहतं, त्यामुळे तो दिवसभर खायला मागतो आणि दिवसभर घाण करतो. पोरानं आणलेच आहेत, तर आज संध्याकाळपर्यंत ते निदान घरातल्या सगळ्यात मोठ्या स्वच्छ टबात जाऊ द्या. टब सावलीत ठेवा. पुढचं खाली वाचा.

मग किती मोठी जागा लागते?

माझा हिशेब सोपा आहे. फुगीर जातीचा पहिला मासा असेल तर ७५ लिटर, पुढच्या प्रत्येकाला आणखी ४० लिटर. एकेरी शेपटीच्या माशाला प्रत्येकी निदान १५० लिटर, आणि त्याला लांब पोहायला जागा पाहिजे. काचेच्या टाकीची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणाकार करा आणि त्याला २८.३ ने गुणा, म्हणजे लिटर निघतात. दुकानात जी ‘दोन फुटी’ टाकी मिळते, दोन बाय एक बाय एक, तिच्यात ५६ लिटर मावतात, तेही काठोकाठ भरली तर. म्हणजे एकाही माशाला ती पुरत नाही. तीन बाय दीड बाय दीडची टाकी १९० लिटरची. तिच्यात तीन फुगीर मासे सुखानं राहतात.

पाणी खोल असण्यापेक्षा पसरट असलेलं चांगलं. मासा श्वासाला जो प्राणवायू घेतो तो पाण्याच्या वरच्या पृष्ठभागातून आत मुरतो. उंच, अरुंद टाकी दिसायला ऐटदार असते, पण माशाच्या ती कामाची नाही.

काचेची टाकी घ्यावी की सिमेंटचं टाकं करावं?

गावात आणि घराला अंगण असेल तर टाकं. यात माझं मत ठाम आहे. काचेची टाकी दिवाणखान्यात शोभते, पण तिच्या चारी बाजूंनी उष्णता आत येते. पहिल्या वर्षी मी काचेचीच घेतली होती आणि टिनाच्या खोलीत ठेवली होती. मे महिन्यात एका दुपारी चार वाजता पाण्यात हात घातला तर कोमट लागलं. थर्मामीटर ३७ दाखवत होता. दोन मासे त्याच रात्री गेले. जिथून टाकी घेतली त्या दुकानात मला कोणी उन्हाळ्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं.

जमिनीत पुरलेलं टाकं गार राहतं. बाहेर लू वाहत असली तरी हातभर खाली माती तापत नाही, हे विहिरीत उतरलेल्या कोणालाही माहीत असतं.

टाकं कसं बनवायचं? खर्च फार येतो का?

शौचालयाच्या शोषखड्ड्याला ज्या सिमेंटच्या तयार रिंगा मिळतात, त्यातल्या ४ फूट व्यासाच्या आणि एक फूट उंचीच्या दोन घ्या. टाक्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच. खड्डा फूटभर खोल खणायचा, तळाला गिट्टी-सिमेंटचा थर द्यायचा, एक रिंग जमिनीत बसवायची आणि दुसरी तिच्यावर जमिनीच्या वर ठेवायची. सांधा आणि तळ आतून चांगला घोटून घ्यायचा. दीड फूट पाणी भरलं की साधारण ५३० लिटर होतं. एवढ्यात तीन एकेरी शेपटीचे किंवा आठ-नऊ फुगीर मासे मावतात, मात्र मी कमीच ठेवते. ‘मावतात’ आणि ‘सुखानं राहतात’ यात आपल्या उन्हाळ्यात फार अंतर पडतं.

वरची रिंग जमिनीच्या वर ठेवण्याला कारण आहे. पावसाळ्यात अंगणातलं गढूळ पाणी, शेणाचं पाणी, खत धुऊन आलेलं पाणी टाक्यात शिरत नाही. काठाच्या चार बोटं खाली एक आडवा पाईप काढून त्याच्या तोंडाला जाळी बांधा. जुलैच्या झडीत टाकं भरून वाहिलं तर मासे अंगणात येत नाहीत.

घरात रांगणारं किंवा दुडूदुडू चालणारं लेकरू असेल तर टाक्यावर लोखंडी जाळीचं झाकण हवंच, आणि ते लेकराला उचलता येणार नाही असं हवं. दीड फूट पाणी लहान लेकराचा जीव घ्यायला पुरेसं असतं. जाळी बसवायच्या आधी पाणी भरू नका.

नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं. त्या पाण्यात मासा टाकला तर त्याचे कल्ले भाजून निघतात. टाकं काठोकाठ भरा, तीन दिवस ठेवा, उपसून टाका, आतून ब्रशनं घासा, पुन्हा भरा. असं पाच-सहा वेळा, म्हणजे जवळपास तीन आठवडे लागतात. पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, ते सांगणारा आकडा) तपासायचं किट घ्या. ८.५ च्या खाली आकडा स्थिरावला की टाकं तयार झालं. गवंडी म्हणेल ‘आठ दिवसात होते’. त्याचं ऐकू नका.

घरात नेमकं कुठं ठेवावं?

सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास मिळेल आणि दहानंतर सावली येईल अशी जागा पाहा. पूर्वेकडची ओसरी सगळ्यात उत्तम. कवेलूच्या छपराखाली ठेवा, टिनाखाली कदापि नाही. झाडाखाली टाकं घालायचं तर वरून जाळी लावा. निंबाखाली जूनमध्ये निंबोळ्यांचा सडा पडतो आणि पाणी दोन दिवसांत नासतं.

काचेची टाकी असेल तर वजन लक्षात घ्या. १९० लिटरची भरलेली टाकी दोनशे किलोच्या वर जाते. कपाटावर, टीव्हीच्या टेबलावर ती ठेवायची नाही. सारवलेली जमीन सपाट नसते, म्हणून खाली जाड फळी आणि त्यावर थर्माकोलची शीट घाला, नाहीतर एका कोपऱ्यावर भार येऊन काच तडकते.

उन्हाळ्यात काय करायचं? मे महिन्यात मासे वर येऊन तोंड उघडतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो.

गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे. १८ ते २४ अंश त्याला मानवतं. आपल्याकडे उन्हाळ्यात ते शक्य नाही, त्यामुळे पाणी ३० च्या आत ठेवायचं एवढंच लक्ष्य धरा. पाणी तापलं की दोन गोष्टी एकदम होतात. पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसातच. आणि माशाचं शरीर जास्त वेगानं चालायला लागतं, म्हणून त्याला प्राणवायू मात्र जास्त लागतो. तोंड वर काढून मासा ‘पाणी पितो’ असं वाटतं. खरं तर त्याला श्वास पुरत नसतो.

सगळ्यात आधी सावली करा. टाक्यावर शेडनेटची हिरवी जाळी दोन पदरी बांधा, पाण्यापासून दोन-तीन हात वर, म्हणजे मधून वारा खेळतो. जाळी पाण्याला टेकवून झाकण घातल्यासारखी बांधली तर आत वाफ कोंडते.

दुसरा उपाय ओल्या पोत्याचा. ज्यानं माठातलं पाणी गार होतं, तेच इथेही कामी येतं. काचेच्या टाकीच्या मागच्या आणि बाजूच्या काचांवर ओलं पोतं लावा. टाक्याच्या वरच्या रिंगेला बाहेरून पोतं गुंडाळा आणि दिवसातून चारदा पाणी शिंपडा. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते म्हणून हे फार चांगलं चालतं. पृष्ठभागावरून टेबल फॅनचा वारा सोडला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पावसाळी दमट हवेत यातलं काहीच फारसं उपयोगी पडत नाही, कूलरचं जसं जुलैत होतं तसंच.

फ्रिजमध्ये बाटली गोठवून सोडतात, ती चालते का? बंद बाटली चालते, पण हिशेब माहीत असू द्या. एक लिटरची गोठलेली बाटली १०० लिटर पाणी साधारण एका अंशानं उतरवते. लहान टाकीत दुपारी एक-दोन बाटल्या ठीक. ५३० लिटरच्या टाक्यात एका अंशासाठी पाच बाटल्या लागतील, तिथे तो खटाटोप करू नका. बर्फाची लादी सरळ पाण्यात टाकू नका. एकदम पाच-सहा अंश उतरलं तर ज्या उन्हातून मासा तगला असता, त्यापेक्षा वाईट होतं.

खाणं कमी करा. मे महिन्यात मी पहाटे उजाडल्यावर एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच घालते. मासे उपाशी दिसतील, तुमच्याकडे बघून शेपटी हलवतील. मन घट्ट करा.

आणि पहाटे उठून एकदा टाक्यात बघा. पाणी हिरवं करणारं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्रभर तेच शेवाळ प्राणवायू खातं. म्हणून सगळ्यात कठीण वेळ दुपारी नसते, सूर्योदयाच्या आधी असते. लोक मला सांगतात, ‘काल संध्याकाळी तर चांगले होते, सकाळी मेले.’ बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

लाईन गेली तर हवेची मोटर बंद पडते. मग?

माशांचं घर मोठं आणि मासे कमी असतील तर चार-सहा तास काही होत नाही. माझ्या टाक्यात रात्रभर लाईन नसली तरी मी निश्चिंत झोपते. टाकी लहान असेल तर चार्जिंगवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा. तोही नसेल तर मग्यानं पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओता. दर अर्ध्या तासाला पंधरा-वीस मगे पुरतात.

हवेची मोटर नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा. खाली ठेवली तर लाईन गेल्यावर नळीतून पाणी उलटं मोटरमध्ये येतं आणि लाईन आल्यावर शॉक बसायची भीती असते. फिल्टर पाच-सहा तास बंद राहिला तर सुरू करण्याआधी टाकीतलंच थोडं पाणी बादलीत काढून त्यात त्याचा स्पंज पिळून घ्या. आत अडकलेली घाण सडलेली असते, ती एकदम पाण्यात सुटू देऊ नका.

विहिरीचं पाणी चालतं की बोअरचं? की जारचं फिल्टरचं आणू?

जारचं पाणी माणसाला गोड लागतं म्हणून माशालाही चांगलं, असा समज आहे. एकट्या त्या पाण्यावर मासे ठेवू नका. त्यातले क्षार काढून टाकलेले असतात, त्यामुळे पीएच टिकत नाही, एकदम घसरतो. गोल्डफिशला थोडं जड पाणी आवडतं. ज्या पाण्यात तूर लवकर शिजत नाही, ते पाणी माशाला सहसा मानवतं.

बोअरचं पाणी ताजं असताना त्यात प्राणवायू जवळपास नसतो. ड्रममध्ये किंवा टबात काढून, उंचावरून ओतून, रात्रभर उघडं ठेवा आणि मग वापरा. काही बोअरांच्या पाण्यात लोह असतं, रात्रीतून तांबूस गाळ खाली बसतो. वरचं निवळ पाणी घ्या. विहिरीचं पाणीही असंच एक रात्र ठेवलेलं बरं.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी जसंच्या तसं वापरू नये. पावसाचं साठवलेलं पाणी त्यात मिसळून खारटपणा उतरवा. मासा खाऱ्याला काही प्रमाणात तग धरतो, पण उन्हाळ्यात पाणी आटत जातं आणि क्षार मागे राहून वाढत जातात.

ग्रामपंचायतीच्या नळाला किंवा सार्वजनिक विहिरीत टीसीएल (क्लोरीनची जंतुनाशक पावडर) टाकलं असेल तर ते पाणी चोवीस तास उघड्या भांड्यात, शक्यतो थोडं उन्हात ठेवा. घाई असेल तर माशांच्या दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात. पावसाळ्यात टीसीएलचा डोस वाढतो, तेव्हा वासावर लक्ष असू द्या.

टाकी भरली, पाणी स्वच्छ दिसतं. आजच मासे सोडू का?

नको. दिसायला स्वच्छ आणि राहायला योग्य, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. युरियाच्या पोत्यापाशी नाकात जो झणका जातो, तोच अमोनिया. पाण्यात तो साचला तर कल्ले जळतात. निसर्गात काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बरंच निरुपद्रवी असतं. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. त्यांना दगडांवर, स्पंजवर, भिंतींवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे लागतात. शेतात जिवामृत टाकून जमीन जिवंत करतो तसंच हे आहे, वेळ द्यावाच लागतो. ओळखीच्या कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीत पिळा, काम निम्म्या वेळात होतं.

मासे आधीच आणून बसला असाल तर रोज चौथा हिस्सा पाणी बदला आणि खाणं निम्मं करा. पाणी तापलं की अमोनियाचं विष आणखी चढतं. पीएच ८ असताना पाणी २० वरून ३० अंशांवर गेलं तर त्यातला विषारी हिस्सा जवळपास दुप्पट होतो. म्हणून नवी टाकी दिवाळीनंतर सुरू करा, एप्रिलमध्ये नको.

पाण्याची टंचाई असते. माशांसाठी पाणी वाया घालवणं बरोबर आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्याबद्दल मला आदर वाटतो. माझ्या टाक्याचा हिशेब सांगते. आठवड्याला पाचवा हिस्सा बदलायचा, म्हणजे शंभर लिटर. उन्हाळ्यात पाणी दिवसाला एक सेंटीमीटर उतरलं तर जवळपास १२ लिटर भर घालावी लागते. दोन्ही मिळून रोजचे २६ लिटर, म्हणजे दोन गुंड (पाण्याच्या घागरी).

बदललेलं पाणी वाया जात नाही. त्यात नायट्रेट असतं. माझी वांगी, मिरच्या, सदाफुली आणि दारातली तुळस त्याच पाण्यावर आहेत. पण ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो आणि बाया दोन गुंडांसाठी रांगेत उभ्या राहतात, तिथे मासे ठेवू नयेत असंच मी म्हणेन.

कपाशीवर फवारणी करून आलो आणि हात धुऊन माशांना खाणं टाकलं. तीन मासे मेले. त्याचाच परिणाम का?

बहुतेक त्याचाच. सायपरमेथ्रिनच्या जातीची कीटकनाशकं माशांना अतिशय कमी मात्रेतही मारतात. हातावरचा अंश, कपड्याची बाही पाण्याला लागणं एवढं पुरतं. फवारणी करून आलेल्यानं आंघोळ करून, कपडे बदलून मगच टाक्याजवळ जावं. माशांची बादली, मगा, नळी वेगळी ठेवा आणि तिच्यावर लाल रंगाचा पट्टा ओढा, म्हणजे घरातलं कोणीही ती फवारणीच्या कामाला उचलणार नाही. गुरांना गोचिडाचं औषध मारतात तेही बहुधा याच प्रकारचं असतं.

घरातली डास पळवायची कॉईल आणि लिक्विडची मशीनही माशांच्या खोलीत नको. गावात धुरळणीची गाडी आली तर टाक्यावर प्लॅस्टिक टाका आणि तासाभरानं काढा, विसरू नका. धुळवडीच्या सकाळी मी टाकं झाकूनच ठेवते.

गुरांच्या हौदात सोडले तर?

नाही. ढेप आणि चारा पडून पाणी सडतं, आणि गोचिडाच्या औषधाचं आत्ताच सांगितलं.

विहिरीत?

तेही नाही. ते प्यायचं पाणी आहे, त्यात टीसीएल पडतं, आणि आजारी मासा तुम्हाला दिसणारही नाही.

शेततळ्यात रोहू-कतल्यासोबत ठेवू शकतो का?

कतला किलो-दोन किलोचा होतो, खाण्याच्या शर्यतीत गोल्डफिश मागे पडतो. काळ्या प्लॅस्टिकचं तळं उन्हात भयंकर तापतं, आणि पाणी पिकाला सोडलं की खाली हातभर उरतं. नारंगी रंगाचा मासा बगळ्याला तर लांबूनच दिसतो.

मांजर, खंड्या, साप यांचं काय?

सगळे येतात. खंड्या तारेवर बसून नेम धरतो, ढोकरी काठावर तासभर हलत नाही, पावसाळ्यात दिवड पाण्यात उतरते. दिवड बिनविषारी आहे, मारू नका, काठीनं उचलून नाल्यात सोडा. अर्ध्या इंचाची जाळी लावली की यातले बहुतेक प्रश्न मिटतात. वानरांचं त्रांगडं वेगळं आहे. ते मासे खात नाहीत, पण जाळी उपटतात आणि आत हात घालून बघतात, म्हणून जाळी तारेनं चार ठिकाणी बांधा. टाक्यात तळाला फुटका माठ आडवा ठेवा. घाबरलेल्या माशाला शिरायला जागा हवी असते.

आशाताई म्हणतात पाणी साठवू नका, डेंग्यू होतो. टाकं रिकामं करावं का?

आशाताईंचं म्हणणं बरोबर आहे, पण ते मासे नसलेल्या साठ्याबद्दल. गोल्डफिश डासांच्या अळ्या आवडीनं खातो, त्याच कामासाठी आरोग्य विभाग गप्पी मासे देतो. कोरडा दिवस पाळताना रांजण, कूलरची टाकी, टायर रिकामे करा. आशाताईंना टाक्यापाशी नेऊन दाखवा. मासे आणण्याआधी सिमेंट मुरत असतानाच्या तीन आठवड्यांत मात्र दर तीन दिवसांनी पाणी उपसायला चुकू नका.

गप्पी आणि गोल्डफिश एकत्र चालतात का?

लहान गप्पी गोल्डफिशच्या तोंडात जातो.

तळाला रेती, झाडं काय घालावं?

गोल्डफिश तळ उकरत फिरतो, खडा तोंडात घेतो आणि थुंकतो. वाटाण्याएवढा खडा घशात अडकतो. बारीक नदीची रेती धुऊन घाला किंवा मुठीएवढे काळे दगड ठेवा, मधलं माप नको. मी तळ उघडाच ठेवते, साफ करायला सोपं जातं.

झाडं तो खाणारच. तळ्यातली हायड्रिला मी टाक्यात टाकते ती त्याच्या जेवणासाठीच. तलावातून आणलेल्या वनस्पतीबरोबर जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात. लाल औषधाच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून, साध्या पाण्यानं दोनदा धुऊन मग आत घाला.

हिवाळ्यात हीटर लागतो का?

लागत नाही. गोंदिया-नागपूरकडे पारा ८-१० अंशांवर उतरला तरी गोल्डफिश मजेत असतो. खाणं कमी करा, कारण गार पाण्यात पचन मंदावतं.

वास्तूसाठी नऊ मासे सांगितले आहेत, आठ सोनेरी आणि एक काळा. दोन फुटी टाकीत बसतील?

तुमच्या श्रद्धेला माझी हरकत नाही. पण नऊ गोल्डफिशना चारशे लिटर पाणी पाहिजे, तेही फुगीर जातीचे असतील तर. दोन फुटीत नऊ सोडले तर दर महिन्याला एक मेलेला मासा काढावा लागेल, आणि घरात असं मरण पाहणं कोणत्या वास्तूला चांगलं? पसरट टाकं बांधा आणि नऊ ठेवा, किंवा लहान टाकीत नऊ गप्पी ठेवा.

नागपूरहून एसटीनं मासे आणायचे आहेत. वाटेत मरतील का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळच्या गाडीनं या. दुकानदाराला आदल्या दिवसापासून खाणं बंद ठेवायला सांगा, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पिशवीत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से प्राणवायू भरून घ्या, पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवा, डबा मांडीवर. इंजिनाजवळ किंवा टपावर ठेवू नका. घरी आल्यावर बंद पिशवी टाक्यात वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाक्याचं पाणी पिशवीत घाला, आणि शेवटी मासा जाळीनं उचलून सोडा. पिशवीतलं पाणी झाडाला ओता, टाक्यात नको. आधीचे मासे असतील तर नव्याला तीन आठवडे वेगळ्या टबात राहू द्या.

आता सांभाळणं जमत नाही. तलावात सोडून देऊ का? पुण्य लागेल.

कृपा करून सोडू नका. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत मरळ, मागूर यांच्यासारखे आपले मासे आहेत आणि त्यांच्यावर मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांचं पोट आहे. गोल्डफिश तळाचा चिखल उकरून पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो आणि बाजारातले रोग सोबत नेतो. आणि तो स्वतः जगला नाही तर पुण्य कसलं? बगळ्याच्या चोचीत जाण्यासाठी त्याला एवढे दिवस वाढवलं का?

शाळेत मोठी टाकी असेल आणि सुट्टीत बघणारं कोणी असेल तर शाळेला विचारा. तालुक्याच्या गावातले दुकानदार मोठे मासे बहुधा परत घेतात, पैसे मागू नका. कोणीच नसेल तर मला कळवा. पावसाळ्यानंतर मी दुसरं टाकं घालणार आहे, सहा फूट व्यासाचं, आणि त्यात चार-पाच जणांना जागा होईल.